बंबांची प्रतिबंधक तपासणी : तीन वर्षांच्या करारानंतर एका सेवेचा अभिप्राय

कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याचा अग्निशमन विभाग गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. कारखान्याला जोडून आसवनी आणि इथेनॉलच्या साठवण टाक्या आहेत, गळीत हंगामात बगॅसचे (ऊस गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्याचे) मोठाले ढीग आवारात उभे असतात, आणि आसपासच्या वीसेक गावांना जवळचा बंब म्हणून आमचाच बंब माहीत असल्यामुळे ऊस पेटला, कडब्याची गंजी पेटली किंवा गोठ्याला आग लागली तरी पहिली वर्दी बहुधा आमच्याकडे येते. आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक २०१२ सालचा ४,५०० लिटर पाण्याचा वॉटर टेंडर, म्हणजे पाण्याचा बंब, आणि दुसरा २०२१ साली घेतलेला, बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष पाळणाऱ्या) चॅसिसवर बांधलेला फोम टेंडर, म्हणजे फेस मारणारा बंब. या दोन्ही गाड्यांची आणि त्यांवरील साहित्याची प्रतिबंधक तपासणी करण्यासाठी मे २०२३ मध्ये आम्ही पुण्याकडील एका खासगी सेवासंस्थेशी तीन वर्षांचा करार केला. दर वर्षी हंगाम संपल्यावर मे महिन्यात एक आणि बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी ऑक्टोबरमध्ये एक, अशा सहा भेटी आता पूर्ण झाल्या आहेत. कराराचे नूतनीकरण करायचे की नाही, हा प्रश्न व्यवस्थापनापुढे आहे. शेजारच्या दोन कारखान्यांनी आणि एका नगरपरिषदेनेही माझ्याकडे विचारणा केली आहे. म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. अशी सेवा कोणाकडूनही घेतली तरी तिच्यात नेमके काय पाहायचे, हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

हा करार करण्यामागे एक घटना आहे. जानेवारी २०२३ मध्ये एका वस्तीवर कडब्याच्या गंज्या पेटल्या. आमचा बंब वेळेवर पोहोचला, टाकीतल्या पाण्याने पहिला मारा झाला, पण ४,५०० लिटर पाणी मोठ्या पंपाला किती पुरणार? मिनिटाला २,२५० लिटर देणारा पंप पूर्ण क्षमतेने चालवला तर ते दोन मिनिटांत संपते. आमच्या माणसांनी एकच ब्रांच (पाइपाच्या टोकाची, हातात धरायची नळी) जपून चालवला, तरी सात-आठ मिनिटांत टाकी रिकामी झाली. शेजारी विहीर होती, पाणी काठापासून जेमतेम पाच मीटर खाली होते. सक्शनचे, म्हणजे पाणी ओढण्याचे, पाइप जोडून विहिरीत सोडले, प्रायमर (पंपातली हवा बाहेर काढणारे साधन) चालू केला, आणि पाणी चढेना. तीन वेळा प्रयत्न झाले. अखेर गावातल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरला जोडलेल्या टँकरने पाणी आणून दिले, तेव्हा काम पुढे चालले. जीवितहानी झाली नाही, जनावरे आधीच सोडली होती. पण एका कुटुंबाचा वर्षाचा चारा जळाला. त्या रात्री मी विभागात परतल्यावर तपासणीची वही काढून पाहिली. आमची गाडी तेव्हा ज्या गॅरेजकडे देखभालीला होती, त्यांच्या तीनच महिन्यांपूर्वीच्या पत्रकात प्रायमरसमोर ‘ठीक’ असे लिहिले होते. त्याखाली माझीही सही होती.

‘ठीक’ या शब्दाने माझे समाधान होणे त्या दिवसापासून बंद झाले, आणि नव्या संस्थेची निवड करताना मी एकच अट धरून बसलो : ज्या गोष्टीचे माप घेता येते, तिच्यासमोर पत्रकात आकडा लिहिलेला असला पाहिजे. या अटीच्या कसोटीवर ही संस्था बऱ्याच ठिकाणी उत्तम उतरली आणि काही ठिकाणी, तेही जिवाशी संबंध असलेल्या ठिकाणी, कमी पडली.

प्रथम जे चांगले झाले ते सांगतो. पहिल्या भेटीला दोन तंत्रज्ञ आले आणि त्यांनी सुरुवातच कोरड्या व्हॅक्यूम चाचणीने केली. बंबाचा मुख्य पंप केंद्रोत्सारी असतो. त्याला स्वतःतली हवा बाहेर काढता येत नाही. प्रायमर ती हवा काढतो, आत पोकळी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला पाइपातून वर ढकलतो. समुद्रसपाटीवर हा दाब पाण्याला सिद्धांताने सुमारे १०.३ मीटर उंच नेऊ शकतो, प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपास मर्यादा येते, आणि वाटेत कोठेही सुईच्या टोकाएवढी गळती असली तर तीही मर्यादा झपाट्याने खाली येते. अशी गळती पाणी भरलेल्या पंपात दिसतेच असे नाही, कारण थेंब थेंब गळणारा कॉक माणूस ‘चालायचंच’ म्हणून सोडून देतो. पण त्याच छिद्रातून उपशाच्या वेळी हवा आत जाते.

अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेच्या मानकात या चाचणीसाठी २२ इंच, म्हणजे सुमारे ५६० मिलिमीटर पारा इतकी पोकळी निर्माण व्हावी आणि पाच मिनिटांत तिच्यात १० इंचांहून, म्हणजे सुमारे २५० मिलिमीटरहून अधिक घट होऊ नये, अशी मर्यादा दिलेली आहे. आमच्या पंपात पोकळी ५४० पर्यंतच गेली आणि पाच मिनिटांत १९० वर उतरली. चाचणीपूर्वी तंत्रज्ञांनी सर्व डिलिव्हरींची, म्हणजे पंपातून पाणी बाहेर सोडणाऱ्या तोंडांची, झाकणे काढून ठेवायला लावली, याचे आमच्या लोकांना आश्चर्य वाटले. कारण असे, की झाकण लावलेले असले तर आतला व्हॉल्व्ह गळत असूनही झाकणाचा वॉशर हवा अडवून धरतो आणि दोष लपतो. चाचणी व्हॉल्व्हची व्हायला हवी, झाकणाची नव्हे. मग इंजिन बंद करून, शेडमधले पंखेही बंद करून, दोघे जण पंपाला कान लावून बसले. एका ठिकाणी बारीक शीळ ऐकू येत होती. साबणाचा फेस लावल्यावर तो निचऱ्याच्या कॉकमध्ये आत ओढला गेला. आमच्या ज्येष्ठ यंत्रचालकांना तंत्रज्ञाने विचारले, “मामा, हा कॉक रोज उघडता का?” ते म्हणाले, “रोज सकाळी उघडतो, पण बंद करताना हल्ली जरा जोर लागतो.” कॉक उघडल्यावर आत बगॅसचे तंतू अडकलेले सापडले. याशिवाय पंपाच्या ग्लँडमधील (फिरत्या दांड्याभोवतीची गळती रोखणारे) पॅकिंग कडक झाले होते आणि सक्शनच्या एका जोडाचा रबरी वॉशर वाळून त्याला भेगा गेल्या होत्या. तिन्ही दोषांच्या सुट्या भागांचा खर्च किरकोळ होता. दुरुस्तीनंतर त्याच दुपारी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पोकळी ५८० वर गेली आणि पाच मिनिटांनी ५०० वर होती. पत्रकात हे चारही आकडे तारखेसह लिहिलेले आहेत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक भेटीचे आकडे त्यांच्या शेजारच्या रकान्यात आहेत.

या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग मात्र पंपाची दीर्घ चाचणी हा आहे, आणि त्याबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचे आहे. आपल्याकडे बंबाची ‘ट्रायल’ म्हणजे पाच मिनिटे पाण्याचा फवारा उडवून दाखवणे, अशी सवय सगळीकडे पडलेली आहे. बगॅसची आग पाच मिनिटांची नसते. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये साधारण निम्मा ओलावा असतो, ढिगाच्या पोटात उष्णता साचत जाते, वरून विझल्यासारखी दिसणारी आग आत धुमसत राहते, आणि ढीग फोडत फोडत तासन्‌तास पाणी मारावे लागते. अशा वेळी बंब एका जागी उभा असतो. चालत्या गाडीला समोरून मिळणारा वारा रेडिएटरला मिळत नाही, इंजिन मात्र पूर्ण भाराखाली असते. म्हणूनच बंबाच्या इंजिनाला थंड ठेवण्यासाठी पंपातलेच थोडे पाणी एका उष्णता-विनिमयकातून फिरवलेले असते. हे पाणी ज्या बारीक नळीतून आणि जाळीतून जाते, ती जाळी आमच्या स्प्रे पाँडच्या (कारखान्याचे पाणी थंड करण्याच्या तळ्याच्या) पाण्यातील तंतूंनी जवळजवळ बुजली होती. गाडी रस्त्यावर व्यवस्थित धावत होती. पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकात तापमानाचा काटा हलत नव्हता. या संस्थेने पंप सलग ४० मिनिटे चालवायला घेतला, तेव्हा बत्तिसाव्या मिनिटाला काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला आणि चाचणी थांबवावी लागली.

त्या क्षणी आमच्या शेडमध्ये जी शांतता पसरली, ती मला आठवते. आमच्यातला प्रत्येक जण मनात एकच हिशेब करत होता, की मागच्या हंगामात बगॅसच्या ढिगावर आपण किती वेळ उभे होतो.

चाळीस मिनिटांचा हा क्रम त्यांनी स्वतःच्या मनाने ठरवलेला नाही. एनएफपीएच्या मानकात पहिली २० मिनिटे पूर्ण प्रवाहाने, मग १० मिनिटे वाढीव दाबावर ७० टक्के प्रवाहाने आणि शेवटची १० मिनिटे त्याहून अधिक दाबावर ५० टक्के प्रवाहाने पंप चालवण्यास सांगितले आहे. आमचा पंप ७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाला मिनिटाला २,२५० लिटर या क्षमतेचा असल्यामुळे दाबाचे टप्पे संस्थेने उत्पादकाच्या आलेखावरून ठरवले आणि तसे पत्रकात नमूदही केले. मला हे पटले. परदेशी मानकातले आकडे जसेच्या तसे आपल्या पंपावर लादण्यात अर्थ नव्हता, आणि त्यातले वेळेचे बंधन मात्र पाळणे आवश्यक होते.

दाबाबरोबर प्रवाह मोजला गेला, हाही मोठा फरक. डिलिव्हरी बंद ठेवली तर झिजलेला पंपसुद्धा गेजवर भरघोस दाब दाखवतो, त्यामुळे नुसता दाब पाहून पंपाविषयी काहीच कळत नाही. तंत्रज्ञांनी मोजलेल्या व्यासाचे नोझल लावून, पाण्याच्या धारेत पिटॉट गेज (धारेचा दाब मोजणारे उपकरण) धरून प्रवाह काढला. हिशेब आमच्या फायरमननाही समजण्याजोगा आहे : नोझलच्या मुखाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, त्याला दाबाच्या वर्गमुळाने गुणायचे आणि आलेल्या संख्येचे दोन तृतीयांश घ्यायचे. म्हणजे २५ मिलिमीटरच्या नोझलवर ४ किलो दाब असेल तर मिनिटाला सुमारे ८३० लिटर पाणी बाहेर पडते. मे २०२३ मध्ये आमचा पंप ७ किलो दाबाला १,९८० लिटरच देत होता, म्हणजे क्षमतेच्या ८८ टक्के. इम्पेलरभोवतीची (पंपातल्या फिरत्या चाकाभोवतीची) वेअर रिंग झिजली होती. ती ऑक्टोबरपूर्वी बदलून घेतल्यावर प्रवाह २,२४० झाला, पुढच्या मे महिन्यात २,२३० होता, आणि मे २०२५ मध्ये २,१९०. हे आकडे ओळीने वाचता येतात म्हणून पुढची रिंग साधारण केव्हा बदलावी लागेल, याचा अंदाज मी व्यवस्थापनाला आताच देऊ शकतो आणि अंदाजपत्रकात तरतूद मागू शकतो.

गाडीच्या बाजूची तपासणीही विचारपूर्वक झाली. बंबाचा मीटर तेरा वर्षांत वीस हजार किलोमीटरही दाखवत नाही, त्यामुळे किलोमीटरवर आधारलेली देखभाल त्याला लागूच पडत नाही. मालट्रक निम्मा वेळ रिकामा धावतो. बंबावर साडेचार टन पाणी रात्रंदिवस असते, तो ओझे घेऊन उभाच असतो. त्याच्या स्प्रिंगा बसतात, टायरवर एकाच जागी भार येतो. आमच्या पुढच्या टायरांची नक्षी नव्यासारखी होती आणि म्हणून ते बदलण्याचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. तंत्रज्ञाने टायरच्या बाजूवर कोरलेला चार आकडी शिक्का दाखवला : २३१६, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. सात वर्षांच्या उंबरठ्यावर आलेले रबर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, भरल्या बंबाखाली ठेवू नये, असे त्यांनी स्पष्ट लिहून दिले आणि आम्ही टायर बदलले.

हवेच्या ब्रेकची चाचणी तर मी यापूर्वी कोणाला करताना पाहिलेच नव्हते. संध्याकाळी टाकीत ८ किलो हवा भरून गाडी बंद केली, गेजवरचा आकडा लिहून ठेवला आणि सकाळी पुन्हा पाहिला, तेव्हा ३ किलो उरली होती. मालट्रकच्या चालकाला याने काही अडत नाही. तो इंजिन चालू करतो, हवा भरेपर्यंत टायर पाहतो, काच पुसतो आणि मग निघतो. बंबाच्या चालकाला वर्दी मिळाल्यावर निघायचे असते, आणि हवेचा दाब पुरेसा होईपर्यंत हँडब्रेक सुटतच नाही. आमचे चालक प्रत्येक पहाटेच्या वर्दीला दोन-अडीच मिनिटे इंजिन तापवत थांबत होते आणि त्याला आम्ही सगळे गाडीचा स्वभाव समजत होतो. दोष ब्रेकच्या पायपट्टीच्या फूट व्हॉल्व्हच्या सीलमध्ये निघाला. बॅटऱ्यांची भाराखालील चाचणी, पीटीओचा (इंजिनाची शक्ती पंपाला देणाऱ्या जोडणीचा) आवाज, शिडीच्या खटक्यांची आणि दोरांची पाहणी ही कामेही नीट झाली. त्यांबद्दल विशेष सांगण्याजोगे काही नाही.

होज पाइपांच्या चाचणीतली एक छोटी गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १५ मीटर लांबीचा प्रत्येक पाइप दाबाखाली घेण्यापूर्वी कपलिंग जेथे संपते तेथे पाइपावर पेनाने एक रेघ मारली होती. दाब उतरवल्यावर रेघ आणि कपलिंग यांच्यात फट दिसली, तर बांधणीची तार सरकते आहे असे समजायचे. पाइप कोठेही फुटलेला नसतानाही तीन पाइप असे बाद ठरले. असा पाइप आगीच्या जागी सुटला तर कपलिंग हातोड्यासारखे उडते, आणि ब्रांच धरलेल्या माणसाला चुकवायला वेळ मिळत नाही. दोन पाइपांना उंदरांनी कुरतडले होते. मळीचे शिंतोडे लागलेले पाइप नुसते झटकून गुंडाळले की उंदीर येतात, त्यामुळे आता प्रत्येक कामानंतर पाइप स्वच्छ धुऊन, मनोऱ्यावर टांगून, पूर्ण वाळल्याखेरीज गाडीत चढत नाहीत.

आता जेथे सेवा कमी पडली ते सांगतो, आणि यातली पहिली बाब मला गंभीर वाटते. आमच्याकडे श्वसनयंत्रांचे चार संच आहेत. पहिल्या भेटीच्या अहवालात चारही सिलिंडरांसमोर ‘समाधानकारक’ असा शेरा होता. मी स्वतः कंदील घेऊन बसावे तसे बसून प्रत्येक सिलिंडरवरचा शिक्का वाचला, तेव्हा दोन सिलिंडरांच्या जलदाब चाचणीची पाच वर्षांची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली आढळली. ३०० बार दाबाने भरलेले सिलिंडर माणसाच्या पाठीवर असते. सहा लिटरच्या सिलिंडरात १,८०० लिटर हवा मावते, मिनिटाला ४० लिटर धरले तर ती ४५ मिनिटे पुरते असे कागदावर म्हणतात, आणि शिडी चढून घामाघूम झालेला फायरमन ती त्याच्या बऱ्याच आधी संपवतो. दाब सुमारे ५५ बारवर आला की शिट्टी वाजली पाहिजे. ती शिट्टी नेमक्या किती बारला वाजते, हे त्या भेटीत मोजलेही नव्हते. पंपाच्या बाबतीत इतक्या काटेकोरपणे वागणारी माणसे श्वसनयंत्राशी आल्यावर शब्दांवर का समाधान मानतात, हे मी त्यांना लेखी विचारले. त्यांनी चूक मान्य केली, दुसऱ्या भेटीपासून प्रत्येक संचाची शिट्टी, मुखवट्याची हवाबंदी आणि शिक्क्याची तारीख आकड्यांत लिहायला सुरुवात केली, आणि त्यात पुढे खंड पडला नाही. तरीही ही चूक मी पकडली म्हणून सुधारली, हे नव्या ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

दुसरी त्रुटी फोमची. इथेनॉल पाण्यात मिसळते, त्यामुळे साध्या फोमचा थर त्यावर टिकत नाही. अल्कोहोल त्यातले पाणी ओढून घेते आणि फेस विरून जातो. त्यासाठी अल्कोहोलला दाद न देणारा वेगळा फोम लागतो, आणि आमच्याकडील फोम पेट्रोल-डिझेलसाठी ३ टक्के तर इथेनॉलसाठी ६ टक्के प्रमाणात मिसळावा लागतो. हे प्रमाण चुकले तर गाडीत कितीही फोम असला तरी त्याचा उपयोग नाही. पहिल्या चार भेटींत संस्थेने फोमची टाकी उघडून पाहिली, रंग व वास नोंदवला आणि ‘दृश्य तपासणी योग्य’ असे लिहिले. मी आग्रह धरल्यावर पाचव्या भेटीला ते रिफ्रॅक्टोमीटर (द्रावणातले प्रमाण मोजणारे उपकरण) घेऊन आले, तयार फोमचा नमुना घेतला, आणि ६ टक्क्यांवर ठेवलेला प्रपोर्शनर (पाण्यात फोम मिसळणारे साधन) प्रत्यक्षात ३.८ टक्केच फोम ओढतो आहे असे निघाले. या जातीचा फोम दाट असतो, साठवणीत त्याचा चिकट थर तळाशी बसतो; त्याने ओढनळीतील एकदिशा झडप अर्धवट अडकवून ठेवली होती. म्हणजे दोन गळीत हंगाम आम्ही इथेनॉलच्या टाक्यांशेजारी अपुऱ्या फोमच्या भरवशावर उभे होतो, अशी दाट शक्यता आहे. हे लिहिताना मला त्रास होतो. चाचणी अर्ध्या तासाची होती आणि ती पहिल्याच दिवशी होऊ शकली असती.

तिसरी मर्यादा बीएस-६ गाडीची आहे. बंब बराच वेळ एका जागी उभा राहून कमी भारावर चालतो, तेव्हा धुराचे तापमान पुरेसे चढत नाही, आणि काजळी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये काजळी साचत जाते. ती जाळण्याची प्रक्रिया उभ्या गाडीत मुद्दाम करावी लागते. धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारे युरियाचे द्रावण वापराविना टाकीत पडून खराब होते, आणि आमच्या भागातल्या उन्हाळ्यात लवकर खराब होते. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला असताना या संस्थेकडे गाडीचे दोषसंकेत वाचणारे यंत्र नव्हते, त्यांनी चॅसिस उत्पादकाच्या अधिकृत केंद्राकडे जाण्यास सांगितले. प्रामाणिकपणे सांगितले हे चांगले, पण करारात फोम टेंडरच्या ‘संपूर्ण’ तपासणीचे पैसे आम्ही देत होतो. येत्या काळात सगळेच नवे बंब याच प्रकारचे असणार आहेत, तेव्हा या यंत्राविना काम भागणार नाही.

दोन गाड्यांच्या एका भेटीचा दर जीएसटीसह ४८,००० रुपये पडला, सुटे भाग वेगळे. गॅरेजच्या तुलनेत हा जास्त आहे आणि आमच्या लेखा विभागाने त्यावर प्रश्नही उपस्थित केला होता. जाळीचा, कॉकचा आणि फूट व्हॉल्व्हचा किस्सा सांगितल्यावर त्यांनी पुन्हा विचारले नाही. कामाला दोन पूर्ण दिवस लागतात. एक गाडी चाचणीवर असताना दुसरी वर्दीसाठी भरून उभी ठेवण्याची शिस्त त्यांनी स्वतःहून पाळली, आणि दोष आढळलेली गाडी पुन्हा सेवेत घ्यावी की नाही हे त्याच ठिकाणी सांगितले. अहवाल मात्र पहिल्या वर्षी एकोणीस दिवसांनी आला. सुबक छापलेला, छायाचित्रांसह, पण एकोणीस दिवसांनी. आता ते जाण्यापूर्वी हस्तलिखित प्रत सहीनिशी देतात, आणि त्यात ‘गाडी वापरू नये’, ‘सात दिवसांत दुरुस्ती’ व ‘पुढील भेटीपर्यंत चालेल’ असे तीन वर्ग असतात. छापील अहवालापेक्षा मला ही प्रत अधिक कामाची वाटते.

वर्षातून दोन वेळा बाहेरचे तज्ज्ञ येतात म्हणून रोजच्या पाळीचे काम कमी होत नाही. सकाळच्या हजेरीनंतर पाणी, तेल, डिझेल, हवा, दिवे, सायरन, आठवड्यातून एकदा प्रायमर आणि प्रत्यक्ष उपसा, ही तपासणी आमचीच माणसे करतात. या संस्थेच्या तंत्रज्ञांनी प्रत्येक भेटीत एक दुपार यंत्रचालकांसोबत बसून काढली, त्यांच्या तक्रारी लिहून घेतल्या आणि त्यांना गेज वाचायला लावले, याचे मला फार अप्रूप आहे. दर वर्षी १४ एप्रिलला, १९४४ साली मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटांत कामी आलेल्या जवानांच्या स्मरणार्थ अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. त्या आठवड्यात राज्यभर बंब रंगवले जातात, फुलांनी सजवले जातात, शाळेची मुले ते पाहायला येतात. ते असावेच. गेल्या दोन वर्षांपासून आम्ही त्याच आठवड्यात पंप पूर्ण चाळीस मिनिटे चालवतो आणि आलेले आकडे शेडच्या फलकावर खडूने लिहितो. फायरमन येता-जाता ते वाचतात, आणि एखादा आकडा घसरला तर मला विचारायला येतात.

एकंदरीत, पंप, उपसा, होज पाइप आणि जुन्या गाडीच्या यांत्रिक भागासाठी ही सेवा घेण्यासारखी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. श्वसनयंत्रासाठी ती आता भरवशाची झाली आहे. फोम आणि बीएस-६ गाडीसाठी करारात वेगळ्या अटी घातल्याविना ती घेऊ नये. आमच्या नूतनीकरणाच्या मसुद्यात मी तीन कलमे वाढवली आहेत : प्रत्येक भेटीत फोमच्या प्रमाणाची मोजणी, वर्षातून एकदा फोमच्या नमुन्याची प्रयोगशाळेतील चाचणी, आणि फोम टेंडरच्या इंजिनासाठी अधिकृत केंद्राचा तंत्रज्ञ त्याच दोन दिवसांत हजर ठेवण्याची जबाबदारी. पहिली दोन कलमे संस्थेने मान्य केली आहेत. तिसऱ्यावर बोलणी सुरू आहेत, आणि ते मान्य झाल्याखेरीज मी सही करणार नाही.